रांगेच्या शेवटी अंबक्का

वर्गात कुणी ‘सेवा’ हा शब्द उच्चारला की अंबक्का उठून खिडकी उघडायच्या. खिडकी आधीच उघडी असेल तर बंद करून पुन्हा उघडायच्या. “वास आला स्वल्प,” असं म्हणायच्या आणि परत येऊन टेबलाला टेकून उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी ओळख करून देताना ‘समाजाची सेवा करावी म्हणून मी आयटीतली नोकरी सोडली’ असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि त्या दिवशी खिडकी माझ्यामुळे उघडली. मागच्या बाकावरची दुसऱ्या वर्षाची मुलं खाली माना घालून हसायला लागली. मला काही कळेना.

“कुठली गं तू?” अंबक्कांनी विचारलं.

“नागपूर.”

“नागपूर, ऐक. सेवा देवळात करायची. इथे काम करायचं. काम चुकलं तर कुणीतरी येऊन विचारतं, का चुकलं. सेवा चुकली तर कोण विचारणार? उलट पाया पडतात.”

तेव्हापासून माझं नाव नागपूरच राहिलं. अनुजा हे खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आम्ही शिकत होतो तो स्वयंसेवी संस्थांच्या व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. बेंगळुरूत हेब्बाळच्या ज्या ऑफिसात मी काम करत होते, तिथे काचेतून तलाव दिसायचा, आणि कॉम्प्युटरसमोर बसून मी त्या तलावाकडे बघत कंटाळत होते. मग एक दिवस राजीनामा दिला. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “धर्मादाय कामालेही आता डिग्री लागते काय, बाप्पा?” मी तिच्यावर चिडले. पुढे हा प्रश्न मी अंबक्कांना सांगितला, तर त्या टाळी देऊन म्हणाल्या, “तुझी आई पहिल्या नंबरात पास.”

त्यांचं पूर्ण नाव अंबुजा राव. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन बेंगळुरूचं झालेलं. घरात मराठी होती, पण ती कन्नडच्या शेजारी राहून राहून बदललेली. भाजीवाल्याशी कन्नड, शेजारणीशी तमिळ, कॉलेजच्या प्राचार्यांशी इंग्रजी, आणि देवाशी भांडायचं असेल तर मराठी, अशी त्यांनी भाषांची वाटणी केली होती. “पुण्याचं मराठी मला कळतं रे,” त्या केतनला म्हणायच्या, “पण तोंडात बसत नाही. कडक इस्त्रीचा ब्लाऊज घातल्यासारखं होतं.” हा केतन पुण्याचा, माझ्या आधी काही वर्षं त्यांच्याकडे शिकून गेलेला, अत्यंत हुशार आणि वाक्यागणिक चार इंग्रजी शब्द पेरणारा. तो पुढे येईलच.

ठेंगणा बांधा, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. खांद्याला झोळी. झोळीत कायम एक स्टीलचं ताट. कुठेही जेवायची वेळ आली, लग्नात, परिषदेत, मोठ्या हॉटेलातल्या देणगीदारांच्या मेजवानीतसुद्धा, त्या स्वतःचं ताट काढून रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या राहायच्या. कुणी पुढे बोलावलं तर हलायच्या नाहीत. मला आधी हे नाटक वाटायचं. खरं सांगते, या क्षेत्रात साधेपणाचं नाटक करणारे पायलीचे पन्नास भेटतात, आणि मी तोवर दोन-चार पाहिलेही होते. म्हणून एकदा खवचटपणे विचारलं, “अक्का, ताट बरोबर आणायचं कारण काय?”

“रांगेच्या शेवटी ताटं संपलेली असतात, नागपूर. शेवटचा माणूस काय काय भोगतो ते शेवटी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. भातसुद्धा करपलेला मिळतो.” मग स्वतःच हसल्या. “आणि मला करपलेला भात आवडतो.”

वर्गातली शिक्षकाची खुर्ची त्यांनी कधी वापरली नाही. दर तासाला एकेका विद्यार्थ्याला तिच्यात बसवायचं आणि स्वतः आमच्यात बाकावर बसायचं, ही त्यांची पद्धत. खुर्चीत बसलेला पोरगा घाम पुसत असायचा आणि अक्का बाकावरून त्याला संस्थाचालक समजून प्रश्न विचारायच्या. तास संपताना म्हणायच्या, “आता ऊठ. उठायचा सराव कर. संस्था काढणाऱ्याची दोन कामं. एक, काढायची. दोन, उठून जायचं. पहिलं सगळ्यांना जमतं.”

हे त्या नुसतं बोलत नव्हत्या. के. आर. पुरमला त्यांनी स्वतः एक निवासी केंद्र काढलं होतं, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांसाठी. तिथे सगळ्यांना ‘मुलं’ म्हणायची सवय होती, ती अक्कांनी मोडली. “डोक्यावर पांढरे केस आहेत, मूल कसलं? मंडळी म्हणा.” वर्षानुवर्षं चालवलेलं हे केंद्र त्यांनी एक दिवस सोडलं. नव्या संचालकाच्या मुलाखती चालल्या होत्या तेव्हा त्या आत गेल्याच नाहीत. बाहेरच्या कट्ट्यावर मीठ लावून पेरू खात बसल्या. निवड केतनची झाली. आपल्या आवडत्या विद्यार्थ्याला खुर्ची मिळाली म्हणून लोक कुजबुजले, पण त्या निवडीत अक्कांचा शब्दही नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या तिथे पाहुणी म्हणून जाऊ लागल्या. फाटकावर थांबायच्या, रखवालदारानं आत सोडलं की पाहुण्यांच्या बाकावर बसायच्या. ज्या इमारतीच्या विटा स्वतः निवडल्या तिथे असं बसायला काय लागत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पाहुणी म्हणून जायचं कारण होतं वासू. त्यांचा धाकटा भाऊ. त्या त्याला ‘तम्मा’ म्हणायच्या, कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं. वासूला जन्मापासून डाऊन सिंड्रोम. आईवडील गेल्यावर त्याचं काय, या एका प्रश्नातून ते केंद्र उभं राहिलं होतं. ही गोष्ट त्यांनी वर्गात कधीच सांगितली नाही. मला ती केंद्रावर गेल्यावर कळली.

वर्गात सांगितली ती गौरीची गोष्ट. दर वर्षी, दर तुकडीला.

गौरी केंद्रातली जुनी रहिवासी. सुपारीच्या पानांच्या पत्रावळी दाबायच्या यंत्रावर तिचा हात चांगला चालायचा. मग तिला आजार झाला, अंथरूण धरलं. केंद्रात माणसं मोजकी. एकाला अंथरुणात सांभाळायचं तर दोन माणसं त्याच्याजवळ अडकतात आणि बाकीची मंडळी वाऱ्यावर पडतात. म्हणून अक्कांनीच समितीकडून नियम करून घेतलेला होता: ज्याला रात्रंदिवस शुश्रूषा लागते, त्याला केंद्रात ठेवता येणार नाही. गौरीची म्हातारी आई आली, अक्कांचे पाय धरले. अक्कांनी नाही म्हटलं. गौरी आईबरोबर परत गेली.

“आता सांगा,” अक्का विचारायच्या, “मी बरोबर केलं की चूक?”

आम्ही हिरिरीनं चर्चा करायचो. शेवटी गाडी त्याच स्टेशनावर यायची. नियम योग्य. एकासाठी अपवाद केला तर उद्या दुसऱ्याला नाही म्हणायचा हक्क राहत नाही. गौरीला योग्य ठिकाणी हलवावं. कुणीतरी हे शेवटचं वाक्य म्हणालं की अक्का बाकावरून उठायच्या.

“बरोबर. पूर्ण मार्क. आणि ते योग्य ठिकाण कुठे आहे? पत्ता सांग.”

कुणाला पत्ता येत नसे. येणार कुठून, तसं ठिकाण शहरात परवडेल असं नव्हतंच. अक्का थोडा वेळ वाट बघायच्या. मग म्हणायच्या, “सरी, ठीक. पुढचा विषय.”

ज्या वर्षी केतन वर्गात होता त्या वर्षी ‘योग्य ठिकाणी’ हे उत्तर त्यानं दिलं होतं, हे अक्कांनी मला नंतर सांगितलं. उत्तर देताना तो खुर्चीत बसलेला होता.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी माझी नेमणूक त्या केंद्रावर झाली. आवारात एक मोठं आंब्याचं झाड, त्याला लटकवलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, खाली दोरीला बांधलेली लोखंडी कांब. पहिल्या दिवशी दुपारी स्वयंपाक तयार होता, सगळे हात धुऊन थांबले होते, आणि एक गोल चेहऱ्याचा, अर्धवट टक्कल पडलेला गृहस्थ कांब हातात घेऊन झाडाखाली उभा होता. वाजवत मात्र नव्हता. कांबेकडे बघत होता, रुळाकडे बघत होता. मला भूक लागली होती. मी पुढे होऊन म्हटलं, “लाओ अंकल, मैं बजाती हूँ,” आणि कांब घेऊन ठाणकन टोला दिला.

तो गृहस्थ दोन्ही हातांनी कान झाकून खालीच बसला. पाहुण्यांच्या बाकावर अंबक्का बसलेल्या होत्या, हे मला तोवर दिसलं नव्हतं. त्या आल्या, माझ्या हातातून कांब काढून घेतली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवली.

“हे त्याचं काम आहे,” त्या म्हणाल्या.

“पण उशीर होत होता, अक्का. मी मदत...”

“दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेतलं तर त्याला मदत नाही म्हणत, नागपूर. त्याला घाई म्हणतात. स्वल्प थांब.”

आम्ही थांबलो. सगळी मंडळी थांबली. भात निवला. बऱ्याच वेळानं तो उठला, कांब उचलली, टोला दिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “ऊट!” कन्नडमध्ये ऊट म्हणजे जेवण. रांग लागली. संचालक केतनही रांगेत, अक्का झोळीतलं ताट काढून शेवटी. केतननंच मला हळूच सांगितलं की हा वासू, अक्कांचा भाऊ.

वासू तसा मोठा रुबाबदार माणूस. शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय टोला द्यायचा नाही. जेवणाआधी येणाऱ्या-जाणाऱ्याला, अगदी पोस्टमनलाही, “ऊट आयता?” म्हणजे ‘जेवण झालं का’ असं विचारायचा आणि नाही म्हटलं की हाताला धरून रांगेत उभं करायचा. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, जेवलेली आणि न जेवलेली. अक्का आल्या की तो पळत जायचा, त्यांची झोळी तपासायचा, ताट आहे ना ते बघायचा. अक्का त्याच्याशी फार लाडानं बोलायच्या नाहीत. बाकीच्या मंडळींशी जेवढं बोलायच्या तेवढंच. “इथे माझं म्हणून कुणी नाही,” हे त्यांचं वाक्य होतं, आणि मला ते कोरडं वाटायचं.

पण मी ज्या दिवशी कांब ओढून घेतली, त्या दिवशी वासू उगाच थांबला नव्हता. कांबेचं काय करायचं ते तो विसरला होता. अशा माणसांना विसरण्याचा आजार इतरांपेक्षा फार लवकर गाठतो, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पावसाळा येईतो तो नावं विसरला, मग जिना उतरणं विसरला. घास हातात धरून बसायचा, तोंडात घालायचा असतो हे आठवायचं नाही. कपडे ओले करायचा आणि लाजून कोपऱ्यात तोंड लपवायचा. त्याच्याजवळ सतत एक माणूस लागू लागलं, मग दोन. पत्रावळीच्या यंत्राजवळ एक दिवस कुणीच नव्हतं, आणि एका बाईचं बोट भाजलं. सगळ्यांना कळत होतं, पण बोलायला कुणी धजेना.

केतननं समितीची बैठक बोलावली. मी टिपणं घ्यायला होते. अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टरबाई, बाकी तीन-चार भली माणसं. अंबक्का समितीवर नव्हत्या. नातेवाईक म्हणून त्यांना बोलावलेलं होतं. रहिवाशांच्या घरच्यांसाठी दाराजवळ एक खुर्ची असायची, तिच्यात त्या बसल्या. मी त्यांना खुर्चीत बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्या खाली बघून बोलल्या. इंग्रजीत सुरुवात केली, मग मराठीवर आल्या. “स्वल्प दिवस त्याला ठेवा. त्याला हे झाड माहीत आहे. घरी त्याला काही ओळखीचं नाही. मी एक बाई पगारावर देते. मी स्वतः येऊन राहते. माझी कधी काही मागणी नव्हती. ही एक आहे.”

गौरीची गोष्ट सांगणाऱ्या अक्का हे मागत होत्या. माझं पेन थांबलं. मला तेव्हा त्यांचा राग नाही आला, उलट इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. म्हटलं, चला, शेवटी माणूसच आहेत. डॉक्टरबाई तर लगेच म्हणाल्या की यात विचारायचं काय, ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांच्यासाठी एवढंही करायचं नाही? सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली. प्रश्न मिटला होता.

“मी हो म्हणू शकत नाही,” केतन म्हणाला.

त्यानं समोरची फाइल मिटली. “सॉरी, पण गेल्या महिन्यात मी आपल्याकडच्या हनुमंतप्पाच्या बहिणीला नाही म्हटलंय. सेम कंडिशन. ती पण रडली होती, मी तिला रूल दाखवला. आता मी तिला काय सांगू, की फाउंडरचा भाऊ असेल तर चालतं?” मग तो अक्कांकडे वळला, आणि त्याचं इंग्रजी गळूनच गेलं. “अक्का, गौरीची आई.”

एवढंच. डॉक्टरबाई काही बोलायला गेल्या, तर अक्कांनी हातानं थांबवलं. त्यांनी झोळी मांडीवर घेतली, आतलं ताट उगाचच चाचपलं.

“आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं,” त्या म्हणाल्या. “ही म्हण बेंगळुरात पण आहे रे.” मग केतनकडे वळल्या. “बरं, संचालकसाहेब. मग माझ्या भावाला कुठे पाठवायचं?”

“योग्य ठिकाणी,” केतनच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्यानं ओठ चावला.

“पूर्ण मार्क,” अक्का म्हणाल्या. “पत्ता सांग.”

अक्का वर्गात थांबायच्या तेवढाच वेळ त्यांनी वाट पाहिली. आवाज वर्गातलाच होता.

“लिहून घे, नागपूर. जे. पी. नगर, माझं घर. तिसरा मजला, लिफ्ट आहे. पुढचा विषय घ्या.”

मी लिहून घेतलं. मला दोघांचाही भयंकर राग आला होता. केतनचा यासाठी की तो एकदा डोळे मिटून हो म्हणू शकला असता, आणि अक्कांचा यासाठी की त्या एकदा हट्टाला पेटू शकल्या असत्या, समिती त्यांच्या बाजूची होती. नंतर केतन मला पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यांमागे तोंड फिरवून रडताना दिसला, तरी माझा राग गेला नाही. आजही पूर्ण गेलेला नाही. तो बरोबर होता हे मला कळतं. बरोबर असण्यानं त्या दिवशी कुणाचंही भलं झालं नाही, हेही कळतं.

वासूला न्यायचा दिवस. फाटकापाशी ऑटो उभी. अक्कांनी त्याला आत बसवलं, वरचं बटण लावलं, पिशवी पायाशी ठेवली. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली आणि आत दुसऱ्या कुणीतरी टोला दिला. वासूनं मान वळवली. हात मांडीवर, सीटवर, पिशवीत चाचपडू लागला, कांब शोधत होता. ऑटोवाल्यानं विचारलं, “होगोणा?” म्हणजे निघायचं का.

“स्वल्प निल्ली,” अक्का म्हणाल्या, जरा थांबा. वासूचे हात थांबेपर्यंत ती ऑटो तिथेच उभी राहिली. मग गेली. जाताना अक्कांनी फाटकाशी उभ्या असलेल्या केतनच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि मला तो हात बघवला नाही.

पुढच्या सत्रात त्या शिकवायला आल्या नाहीत. त्यांच्या जागी आलेले सर चांगले आहेत, पडद्यावर चित्रं दाखवून शिकवतात, खुर्चीतच बसतात. गौरीची गोष्ट आता कुणी सांगत नाही. ‘सेवा’ म्हटल्यावर खिडकीही उघडत नाही. मी परीक्षा दिली, पास झाले, आणि जे. पी. नगरला जायचं मात्र टाळत राहिले. तिथे काय दिसेल याची भीती वाटत होती.

शेवटी एका दुपारी गेले. दार अक्कांनीच उघडलं. खूप वाळल्या होत्या. साडीचा पदर खोचलेला, हाताला डेटॉलचा वास. “ये नागपूर. ऊट आयता?” मी नाही म्हटलं. “बरी वेळ गाठलीस. बस.”

वासू बाल्कनीत खुर्चीवर होता, पांघरूण गुंडाळून. माझ्याकडे बघून हसला, पण ते हसू मला उद्देशून नव्हतं. बाल्कनीच्या गजाला सुतळीनं एक जुनी पितळी परात टांगलेली होती. परातीला ठिकठिकाणी पोचे पडले होते.

अक्का बोलत होत्या आणि कपड्यांच्या घड्या घालत होत्या. केतन दर रविवारी येतो, म्हणाल्या. वासूला अंघोळ घालतो, नखं काढतो, आणि जातो. त्या बैठकीबद्दल दोघं एक अक्षर बोलत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वेगळी खोली बांधायचं त्याच्या मनात आहे, जागा बघतोय. मिळालेली नाही अजून.

“मी गौरीच्या आईकडे जाऊन आले,” त्या मधेच म्हणाल्या.

मी वासूवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

“गौरी गेली, त्याला बरीच वर्षं झाली. म्हातारी आहे अजून. मी तिला म्हटलं, माझं चुकलं की नाही ते मला अजून कळत नाही, पण तुमच्या घरी तेव्हा कसं झालं असेल ते आता कळतं. इतकी वर्षं मी दर तुकडीला तुमची गोष्ट सांगितली आणि तुमच्या घरी कधी आले नाही.” घडी विस्कटली, ती त्यांनी पुन्हा घातली. “ती सगळं ऐकून घेतली. मग मलाच विचारली, आत्ता तुझ्या भावाजवळ कोण आहे? मी म्हटलं, शेजारीण. तर म्हणाली, मग इथे काय बसलीस, जा घरी.”

त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. अंबक्कांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसून दोन टॉवेलांच्या घड्या घातल्या.

मग त्या उठल्या, स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा डाव आणला आणि वासूच्या हातात दिला. त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. आत ओट्यावर भात, सारू म्हणजे तिकडचं सार, आणि भेंडीची भाजी मांडून ठेवलेली होती. झोळी खुंटीला होती. अक्कांनी तिच्यातून स्वतःचं ताट काढलं, मला कपाटातलं एक दिलं आणि ओट्यापासून बाल्कनीच्या दाराकडे बोट केलं.

“रांग इथून.”

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी मान हलवली. “पाहुणे पुढे. माझी जागा शेवटी.”

मी पुढे झाले. वासू डावाकडे बघत होता. परातीकडे बघितलं, पुन्हा डावाकडे. खाली रस्त्यावर फुलवाला ओरडत गेला. सारूवरची वाफ बसली. डाव हळूहळू त्याच्या मांडीवर कलंडला, आणि मला राहवलं नाही. त्याच्या हातापासून परात वीतभर लांब होती.

“अक्का,” मी म्हटलं, “मी वाजवू?”

“नको,” माझ्या मागून त्या म्हणाल्या. “ते त्याचं काम आहे. कधी वाजवतो, कधी नाही. स्वल्प थांब.”

मी मागे वळून पाहिलं. दोन माणसांच्या त्या रांगेच्या शेवटी अंबक्का ताट हातात धरून उभ्या होत्या, भावाकडे बघत.